रोख, उधार व कार्ड : खर्चाच्या सवयी आणि हिशेबाची वही

१. प्रास्ताविक

माणूस खर्च करतो तो पैसा एकच असला, तरी तो कोणत्या रूपाने हातावेगळा होतो यावर खर्चाचे प्रमाण अवलंबून असते काय? अर्थशास्त्राच्या रूढ विवेचनात या प्रश्नाला फारसे स्थान मिळाले नव्हते. शंभर रुपये नाण्यांत मोजून दिले, धनादेशाने दिले किंवा महिनाअखेरच्या वायद्यावर दिले, तरी देणाराच्या संपत्तीत घट व्हावयाची ती तेवढीच. मग त्याच्या खरेदीत फरक पडावा तरी का, असा हा युक्तिवाद होता. व्यवहारातील अनुभव मात्र निराळा होता. वाणी, सावकार, सहकारी भांडाराचा चालक आणि पेढीचा व्यवस्थापक यांपैकी प्रत्येकाने हा फरक गृहीत धरूनच आपला धंदा आखला होता.

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत मानसशास्त्रज्ञांनी हा फरक प्रयोगाने मोजण्यास प्रारंभ केला, आणि तेव्हापासून क्रेडिट कार्डामुळे माणूस अधिक खर्च करतो हे विधान सर्वतोमुखी झाले. या विधानात तथ्य आहे. परंतु ते अपुरे आहे. त्यातून असा समज होतो की दोष कार्ड नावाच्या वस्तूत अथवा ते वापरणाराच्या दुर्बळ मनात आहे. इतिहासाकडे पाहिले असता दोन निराळ्याच गोष्टी नजरेस येतात. पहिली गोष्ट म्हणजे वस्तू घेण्याचा क्षण व तिचे मोल देण्याचा क्षण यांत किती अंतर आहे; आणि दुसरी, या दोन क्षणांच्या दरम्यान हिशेबाची वही कोणाच्या हाती असते. रोख व्यवहारात ग्राहकाचा बटवा हीच त्याची वही होय. तीत शिल्लक किती हे विचारण्यासाठी कोणाकडे जावे लागत नाही. उधारीत ही वही दुकानदाराकडे जाते, आणि कार्डाच्या व्यवहारात ती पेढीकडे जाते. खर्चाच्या सवयी या स्थलांतराबरोबर कशा बदलत गेल्या, याचा मागोवा इंग्लंडमधील रॉचडेल, दख्खन व मुंबई, आणि अमेरिका या तीन ठिकाणच्या अनुभवांतून प्रस्तुत लेखात घेतला आहे.

२. रॉचडेलचा नियम

रोख खरेदीचा नियम जाणीवपूर्वक स्वीकारून त्याच्या पायावर संस्था उभारण्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे लँकेशायरमधील रॉचडेल येथील अग्रणी सहकाऱ्यांचे होय. २१ डिसेंबर १८४४ रोजी टोड लेन या गल्लीत त्यांनी आपले दुकान उघडले. परंपरेने अठ्ठावीस मानल्या गेलेल्या या संस्थापकांत विणकर व अन्य कारागीर होते. लोणी, साखर, कणीक, ओटचे पीठ व मेणबत्त्या एवढाच काय तो दुकानातील माल. माल निर्भेळ असावा, माप पुरे असावे आणि विक्री रोखीनेच व्हावी, हे त्यांच्या व्यवहाराचे प्रमुख दंडक होते.

रोखीचा हा आग्रह कोठून आला हे समजण्यासाठी तत्कालीन कामगारांची स्थिती ध्यानात घेतली पाहिजे. अनेक कारखानदार वेतनाऐवजी माल अथवा आपल्याच दुकानात वटणारी चिठ्ठी देत असत. १८३१ च्या ट्रक कायद्याने या प्रथेस बंदी केली, तरी ती एकाएकी नाहीशी झाली नाही. जेथे वेतन नाण्यांत मिळे, तेथेही मंदीच्या दिवसांत कामगार दुकानदाराच्या खात्यावर जगे. एकदा खाते सुरू झाले म्हणजे दुकान बदलता येत नसे, भावात घासाघीस करता येत नसे, आणि पिठात खडूची भुकटी निघाली तरी तक्रार करण्याची सोय राहत नसे. ज्याचे देणे आहे त्याच्याशी भांडणार कसे? अशा ग्राहकाला भाव विचारण्यातही अर्थ वाटेनासा होतो, आणि भाव न विचारणे ही खर्चाच्या सवयीतील पहिली पडझड होय.

रॉचडेलच्या योजनेत रोखीला नफावाटपाची जोड होती. सभासदाने जेवढी खरेदी केली असेल त्या प्रमाणात तिमाहीअखेर त्याला नफ्याचा वाटा मिळे. वरवर पाहता हा केवळ न्याय्य वाटपाचा प्रकार दिसतो. परंतु सवयीच्या दृष्टीने त्याचे महत्त्व फार मोठे आहे. उधारीत उपभोग आधी व देणे मागून येते. येथे देणे आधी येई आणि प्राप्ती मागून. ज्या काळाच्या अंतराने दुकानदाराच्या वहीत कर्ज साठत असे, त्याच अंतराने आता सभासदाच्या नावावर शिल्लक साठू लागली. हा बदल उपदेशाने झाला नाही. देण्याचा क्रम उलटा केल्याने झाला.

या नियमाची दुसरी बाजूही नोंदली पाहिजे. जो आधीच दुकानदाराच्या कर्जात होता, त्याला रोखीच्या दुकानात येणे कठीण होते, कारण त्यासाठी जुने देणे फेडून हाती आठवड्याची रोकड असावी लागे. म्हणजे ज्याला या शिस्तीची सर्वाधिक गरज, त्याच्यासाठीच तिचा उंबरठा सर्वांत उंच होता. सहकारी चळवळीत या प्रश्नावर पुढे दीर्घकाळ विचार झाला. १९३७ साली आंतरराष्ट्रीय सहकारी संघाने रॉचडेलच्या तत्त्वांची सात कलमी मांडणी केली तेव्हा रोख व्यवहार त्यांत समाविष्ट होता, परंतु पहिल्या चार मूलभूत तत्त्वांत त्याची गणना नव्हती. १९६६ साली प्रा. द. गो. कर्वे यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाच्या अहवालानंतर जी नवी तत्त्वावली स्वीकारण्यात आली, तीत रोखीचे तत्त्व राहिले नाही. दुकानाच्या दारावर एकशेबावीस वर्षे उभा असलेला हा नियम अशा रीतीने ऐच्छिक झाला. ज्या दशकात हे घडले त्याच दशकात अमेरिकेत पेढ्यांची कार्डे टपालाने घरोघर जात होती, हा योगायोग लक्षणीय आहे.

३. दख्खनमधील वही व मुंबईतील पगार

हिशेबाची वही सर्वस्वी दुसऱ्याच्या हाती गेली म्हणजे काय होते, याचा पुरावा महाराष्ट्राच्या इतिहासात आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला आणि तो लवकरच पुणे व अहमदनगर या जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. उठावकऱ्यांचा मुख्य रोख सावकाराच्या ताब्यातील खते व कागदपत्रे यांवर होता. ती हाती आली म्हणजे जाळली जात. हे कर्ज बहुतांशी शेती, सरकारी सारा व प्रपंच यांच्या ओढाताणीतून आलेले असल्यामुळे शहरी ग्राहकाच्या उधारीशी त्याची सरळ तुलना करता येणार नाही. तथापि जाळावयाचे ते कागद, ही निवड अर्थपूर्ण आहे. आपण किती घेतले व किती फेडले हे सांगणारा एकमेव साक्षीदार प्रतिपक्षाच्या घरात आहे, हे शेतकऱ्याने ओळखले होते.

१८७९ च्या दख्खन कृषक साहाय्य कायद्याने पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांसाठी जे उपाय योजले, त्यांत न्यायालयाने व्यवहाराच्या मुळाशी जाऊन हिशेब तपासण्याच्या तरतुदीची चर्चा अधिक झाली आहे. त्याच कायद्यात आणखी तीन लहान तरतुदी आहेत. ऋणकोने रक्कम भरली म्हणजे त्याला लेखी पावती मिळावी, वर्षातून एकदा हिशेबाचा उतारा मिळावा, आणि त्याने मागितल्यास हिशेबाची नोंद असलेले खातेपुस्तक त्याच्या स्वाधीन करावे, असा त्यांचा आशय होता. वहीची एक प्रत ऋणकोच्या हाती यावी हे तत्त्व येथे कायद्याने मान्य केले. निरक्षर माणसाच्या हाती दिलेली वही वाचणार कोण, हा प्रश्न मात्र कायद्याने सुटणारा नव्हता.

शहरी मजुराच्या खर्चाचे चित्र यानंतर सुमारे चार दशकांनी आकड्यांत उतरले. मुंबई सरकारच्या कामगार कचेरीने १९२१-२२ मध्ये मुंबईतील कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली आणि तिचा अहवाल १९२३ साली फिंडले शिरास यांनी प्रसिद्ध केला. कुटुंबाच्या खर्चापैकी सुमारे ५७ टक्के भाग अन्नावर जात होता, आणि ४७ टक्के कुटुंबे कर्जात होती. रुपयास दरमहा एक आणा हा व्याजाचा दर त्या काळी गिरणगावात परिचयाचा होता. वर्षाच्या हिशेबाने तो ७५ टक्के होतो. 'एक आणा' या शब्दांत जो दर क्षुल्लक वाटतो तो 'पाऊणशे टक्के' म्हटल्यावर भयंकर वाटतो. दर सांगण्याच्या पद्धतीचाच हा परिणाम असून, पुढे अमेरिकेतील कायद्याला हाच प्रश्न हाताळावा लागला.

गिरणी कामगार वाण्याकडून उधार का घेत होता? तत्कालीन अनेक निरीक्षकांनी लग्नकार्ये, दारू व अदूरदृष्टी यांकडे बोट दाखविले. या कारणांना काही आधार नव्हता असे नाही. परंतु त्यांच्याहून साधे एक कारण पगाराच्या तारखेत होते. मुंबईच्या गिरण्यांत महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या दहा ते पंधरा तारखेच्या सुमारास होत असे. म्हणजे नव्याने कामावर लागलेल्या माणसाला पहिला पैसा हाती पडण्यास जवळजवळ दीड महिना लागे. या काळात तो जेवणार कशावर? वाण्याच्या खात्यावर. पगार झाला की तो मागील देण्यात जाई, आणि चालू महिन्यासाठी पुन्हा खाते उघडावे लागे. वस्तुतः कामगारच आपले श्रम गिरणीला दीड महिना उधार देत होता, आणि त्या उधारीचे व्याज मात्र तोच वाण्याला भरीत होता. ही साखळी एकदा सुरू झाली की तिला 'सवय' हे नाव मिळे आणि तिचा दोष कामगाराच्या स्वभावावर येई.

व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालील शाही मजूर आयोगाच्या १९३१ च्या अहवालाने बहुतेक औद्योगिक केंद्रांत निदान दोन तृतीयांश कामगार कुटुंबे कर्जबाजारी असल्याचा अंदाज दिला, आणि कर्जाची रक्कम बहुधा तीन महिन्यांच्या वेतनाहून अधिक असते असे नमूद केले. यानंतर १९३६ च्या वेतनप्रदान कायद्याने हजारांहून कमी कामगार असलेल्या कारखान्यांत सात दिवसांच्या व इतरत्र दहा दिवसांच्या आत पगार देणे बंधनकारक केले. खर्चाच्या सवयीवरील उपाय कामगाराला काटकसरीची व्याख्याने देण्यात नसून पगाराची तारीख अलीकडे आणण्यात आहे, ही दृष्टी या कायद्यात दिसते. ती पुरेशी नव्हती; पण तिची दिशा योग्य होती.

४. अमेरिका : वही पेढीकडे जाते

वाण्याच्या उधारीला एक नैसर्गिक मर्यादा होती. दुकानदार गिऱ्हाइकाला ओळखत असे. त्याचा पगार, त्याचे घर, त्याच्या अडचणी त्याला ठाऊक असत, आणि खाते फुगू लागले की तो हात आखडता घेई. गिऱ्हाइकालाही त्याच्या डोळ्याला डोळा द्यावा लागे. उधारीची लाज ही खर्चाला लागलेली एक वेसण होती. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या मध्यास जे घडले त्याचे सार असे की ही ओळख व ही लाज दोन्ही व्यवहारातून बाहेर पडली.

तेथे हप्तेबंदीने विक्री नवी नव्हती. शिवणयंत्रे १८५० नंतरच्या काळातच हप्त्यांनी विकली जाऊ लागली होती, आणि १९१९ साली जनरल मोटर्सने मोटारींच्या खरेदीस कर्ज देणारी स्वतंत्र कंपनी काढली. परंतु हप्ता हा एका ठरावीक वस्तूशी बांधलेला असतो. यंत्र घरात दिसते, हप्ता ठाऊक असतो, व फेडीची मुदत ठरलेली असते. कार्डाने हे बंधन सोडविले.

१९५० साली फ्रँक मॅकनामारा यांनी न्यूयॉर्क येथे डायनर्स क्लब स्थापन केला. भोजनगृहात पैशाचे पाकीट विसरल्यामुळे त्यांना ही कल्पना सुचली, ही कथा पुढे प्रसिद्धीसाठी रचली गेली असे मानले जाते. प्रारंभी सभासद सुमारे दोनशे होते. वर्ष-दोन वर्षांत ही संख्या वीस हजारांपर्यंत गेली. सभासदाने भोजनानंतर सही करावयाची, क्लबने भोजनगृहाला पैसे द्यावयाचे, आणि महिनाअखेर सभासदाने क्लबला संपूर्ण रक्कम भरावयाची, अशी व्यवस्था होती. या सेवेबद्दल भोजनगृहाच्या बिलातून सात टक्के कापून घेतले जात. भोजनगृहाचा मालक हे सात टक्के का सोडीत होता? नवे गिऱ्हाईक मिळावे हे एक कारण. पण सही करून जेवणारे गिऱ्हाईक हात सैल सोडते, हा अनुभवही त्यामागे असावा. तसे असेल तर रोख व सही यांतील जो फरक मानसशास्त्रज्ञांनी पुढे प्रयोगशाळेत मोजला, त्याची किंमत बाजाराने आधीच ठरविली होती असे म्हणावयास हरकत नाही.

खरे स्थित्यंतर १९५८ च्या सप्टेंबरात झाले. बँक ऑफ अमेरिकेने कॅलिफोर्नियातील फ्रेझ्नो या शहरी आपल्या ग्राहकांना सुमारे साठ हजार कार्डे टपालाने पाठविली. ती कोणी मागितलेली नव्हती. या 'बँकअमेरिकार्ड'चे वैशिष्ट्य असे की महिनाअखेर पूर्ण रक्कम भरण्याचे बंधन नव्हते. थोडी भरून उरलेली व्याजासह पुढे ढकलता येत होती. लहान दुकानदारांनी योजनेचे स्वागत केले, कारण उधारीच्या वह्या ठेवणे, बिले पाठविणे व वसुलीसाठी खेटे घालणे हा त्यांचा व्याप संपत होता. वही दुकानातून पेढीत गेली ती अशी.

पेढीचे पहिले अंदाज मात्र चुकले. चार टक्के खाती थकतील असा हिशेब होता. प्रत्यक्षात बावीस टक्के थकली. लबाडी व चोरीचे प्रकारही बरेच झाले. पेढीने अधिकृतपणे मान्य केलेला तोटा ८८ लक्ष डॉलर होता, आणि जाहिरात व अन्य खर्च धरता तो दोन कोटींच्या घरात गेला. योजनेचे प्रवर्तक जोसेफ विल्यम्स यांनी १९५९ च्या अखेरीस पेढी सोडली. तरीही योजना बंद झाली नाही. वसुलीची व्यवस्था सुधारल्यावर काही वर्षांतच ती नफ्यात आली, आणि १९६६ पासून इतर पेढ्यांनाही ती वापरण्याचा परवाना देण्यात आला. याच कार्डाचे नाव पुढे १९७६ साली 'व्हिसा' असे झाले.

या इतिहासातील ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की वेळेवर पूर्ण रक्कम भरणारा ऋणको पेढीच्या दृष्टीने फारसा लाभदायक नव्हता, आणि मुळीच न भरणारा तर बुडीतच होता. लाभ होता तो या दोहोंच्या मधल्या माणसापासून : जो दरमहा थोडे भरतो व थोडे उरवितो. वाण्याला खाते साफ व्हावे असे निदान सणासुदीला तरी वाटे. पेढीच्या नव्या वहीत खाते कधीच साफ न होणे हे व्यवसायाचे अंग बनले. 'किमान देय रक्कम' ही कल्पना या मधल्या माणसासाठी होती.

५. मानसशास्त्रीय मोजमाप

कार्डाचा प्रसार झाल्यावर संशोधकांनी त्याच्या परिणामाचे मोजमाप सुरू केले. १९७९ साली एलिझाबेथ हर्शमन यांनी मोठ्या दुकानांतील ग्राहकांचे निरीक्षण करून कार्डाने घेणारे एका खेपेस अधिक रकमेची खरेदी करतात असे दाखविले. परंतु कार्डधारक मुळातच अधिक उत्पन्नाचे असू शकतात. तेव्हा केवळ निरीक्षणावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. १९८६ साली रिचर्ड फाइनबर्ग यांनी असे प्रतिपादन केले की कार्डाचे बोधचिन्ह नुसते समोर असले तरी माणूस अधिक खर्चास प्रवृत्त होतो. त्यांचा हा निष्कर्ष गाजला खरा, पण १९९० मध्ये तोच प्रयोग करून पाहणाऱ्या संशोधकांना तसा परिणाम आढळला नाही.

अधिक निर्णायक मानला गेलेला प्रयोग ड्रेझन प्रेलेक व डंकन सिमेस्टर यांनी २००१ साली प्रसिद्ध केला. मॅसॅच्युसेट्स येथील व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांकडून त्यांनी बास्केटबॉलच्या सामन्याच्या खऱ्याखुऱ्या तिकिटांसाठी लेखी बोली मागविल्या. निम्म्यांना रोख देण्यास सांगितले, निम्म्यांना कार्डाने. रोखवाल्यांची सरासरी बोली २८.५१ डॉलर होती, कार्डवाल्यांची ६०.६४ डॉलर. विद्यार्थी एकाच वर्गातील व वस्तू एकच असल्यामुळे उत्पन्नातील फरकाचे कारण येथे पुढे करता येत नाही, आणि केवळ खिशात रोकड कमी असल्याने एवढी तफावत पडणे संभवनीय नाही, असे संशोधकांचे मत होते.

या फरकाची मीमांसा प्रेलेक व जॉर्ज लोवेनस्टीन यांनी १९९८ मध्येच केली होती. पैसे देणे ही अल्पशी वेदना असते. रोख व्यवहारात ती उपभोगाला चिकटलेली राहते, आणि कार्ड ती सैल करते. महिन्याच्या बिलात पंचवीस खरेद्यांची एकच बेरीज येते. कोणती वेदना कोणत्या सुखाची किंमत होती हे कळेनासे होते. दिलीप सोमण यांनी २००१ मध्ये याला आणखी एक अंग जोडले. धनादेश लिहिणाराला रक्कम अक्षरी व अंकी लिहावी लागते, आणि लिहिलेली रक्कम मनात राहते. कार्डावर सही करणाराला ती लिहावी लागत नाही. मागील खर्च जितका अस्पष्ट आठवतो, तितका पुढचा खर्च सैल होतो. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने हा निष्कर्ष मोलाचा आहे. रोजकीर्द लिहिणाऱ्या जुन्या पिढीला जे अनुभवाने ठाऊक होते, त्याची ही प्रयोगसिद्ध पुष्टी होय.

फेडीच्या बाबतीत नील स्टुअर्ट यांचा २००९ चा प्रयोग असाच उद्बोधक आहे. एका काल्पनिक बिलावर किमान देय रक्कम छापली असता, पूर्ण बिल न भरणारे लोक सरासरीने बिलाच्या सुमारे २३ टक्के भरण्यास तयार झाले; ती रक्कम छापली नसता सुमारे ४० टक्के. ऋणकोच्या संरक्षणासाठी वाटणारा आकडा त्याच्या मनाला खाली ओढणारी खुंटी ठरतो. वहीत काय लिहिले आहे याइतकेच ते कोणी व कशासाठी लिहिले आहे हे महत्त्वाचे असते.

या सर्व संशोधनाचे मूल्यमापन करताना अतिशयोक्ती टाळली पाहिजे. सतरा देशांतील एकाहत्तर शोधनिबंधांचे एकत्रित विश्लेषण २०२४ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार रोकडरहित देण्याने खर्च वाढतो हे खरे, परंतु ही वाढ सरासरीने अल्प आहे. प्रतिष्ठा मिरविणाऱ्या वस्तूंच्या बाबतीत ती अधिक दिसते, आणि काळाबरोबर ती घटत गेली आहे. तिकिटांच्या प्रयोगातील दुपटीचा आकडा हा नियम नसून टोकाचे उदाहरण आहे. लोक नव्या साधनाला सरावतात आणि त्याचा हिशेब ठेवण्यास शिकतात, असा याचा एक अर्थ लावता येईल. दुसरा अर्थ असा की रोखीची सवयच ओसरल्यावर तुलनेला आधार उरत नाही.

६. वही परत देण्याचे कायदे

अमेरिकेतील कायद्यांचा क्रम पाहता १८७९ च्या दख्खनच्या कायद्याची आठवण झाल्यावाचून राहत नाही. १९६८ च्या कर्जसत्यता कायद्याने धनकोवर व्याजाचा वार्षिक दर व एकूण आकार स्पष्ट सांगण्याचे बंधन घातले. रुपयास एक आणा न म्हणता पंचाहत्तर टक्के म्हणावे, असेच जणू त्याचे सांगणे होते. १९७० मध्ये न मागता कार्डे पाठविण्यास बंदी झाली. १९७४ मध्ये बिलातील चुकांविरुद्ध तक्रार करण्याचा हक्क मिळाला. २००९ च्या कायद्याने तर दर बिलावर असे छापणे भाग पाडले की केवळ किमान रक्कम भरत राहिल्यास कर्ज फिटण्यास किती काळ लागेल, आणि ते तीन वर्षांत फेडावयाचे असल्यास दरमहा किती भरावे लागेल.

या शेवटच्या उपायाचे फलित अर्थशास्त्रज्ञांनी तपासले आहे. तीन वर्षांत फेड होईल एवढी रक्कम भरणाऱ्या खात्यांच्या प्रमाणात या सूचनेमुळे केवळ अर्ध्या टक्क्याच्या आसपास वाढ झाली. याउलट त्याच कायद्याने विविध आकारांवर ज्या मर्यादा घातल्या, त्यांमुळे ऋणकोंची वर्षाला सुमारे बारा अब्ज डॉलरची बचत झाल्याचे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. हिशेब दाखविणे आवश्यक आहे, पण व्यवहाराच्या अटी तशाच ठेवून नुसता हिशेब दाखविल्याने सवय बदलत नाही. मुंबईच्या कामगाराला पगाराची तारीख बदलल्याने जे मिळू शकत होते, ते उपदेशाने मिळणार नव्हते. त्यातलाच हा प्रकार होय.

७. उपसंहार

भारतात कार्डाचे आगमन उशिरा झाले. १९८० च्या सुमारास राष्ट्रीयीकृत बँकांपैकी सेंट्रल बँकेने आपले कार्ड काढले. तथापि दीर्घकाळ ते मूठभर नोकरदार व व्यापारी वर्गापुरते राहिले. सर्वसामान्यांचे देणे रोखीतून बाहेर पडले ते २०१६ साली सुरू झालेल्या यूपीआय व्यवस्थेमुळे. या व्यवस्थेने वरील दोन घटक एकमेकांपासून वेगळे केले. खात्यातील पैसे तत्क्षणी जातात, म्हणून देण्याच्या क्षणाबाबत ती रोखीसारखी आहे. परंतु नोटा मोजाव्या लागत नाहीत व बटवा हलका झाल्याचे हाताला कळत नाही, म्हणून जाणिवेच्या दृष्टीने ती कार्डासारखी आहे. देणाराला रक्कम स्वतःच टाकावी लागते व तत्काळ संदेश येतो, हे वहीची प्रत हाती आल्यासारखे आहे. २०२२ पासून मात्र रुपे क्रेडिट कार्ड या व्यवस्थेला जोडण्याची मुभा मिळाली. तेव्हापासून दुकानापुढील तेच चौकटीचे चिन्ह, तीच हालचाल आणि तोच संदेश कधी रोखीचा असतो तर कधी कर्जाचा. रॉचडेलच्या सभासदाला उधारी कोठे सुरू होते हे दुकानाच्या दारावरच कळत होते. येथे ही सीमारेषा देण्याच्या क्षणी दिसेनाशी झाली आहे.

वरील विवेचनावरून असे दिसते की रोख किंवा उधार यांपैकी कोणतेही एक साधन स्वभावतः सद्गुणी वा दुर्गुणी नाही. रॉचडेलची रोख सर्वांत गरीब माणसाला बाहेर ठेवू शकत होती. गिरणगावातील उधारीने पगार हाती येईपर्यंत चूल पेटती ठेवली. सवय घडते ती देण्याचा क्षण, रकमेची जाणीव आणि वहीचा ताबा यांच्या रचनेतून. ही रचना ज्यांनी केली, त्यांचे हित खर्च करणाराच्या हिताशी क्वचितच जुळत होते. म्हणून ऋणकोच्या उधळेपणाची चर्चा करण्यापूर्वी त्याचा पगार केव्हा होतो, व्याज त्याला कोणत्या शब्दांत सांगितले जाते आणि त्याचा हिशेब कोणाकडे असतो, हे तीन प्रश्न विचारले पाहिजेत. सुप्याच्या शेतकऱ्यांनी यांतील अखेरचा प्रश्न १८७५ सालीच विचारला होता. त्याचे समाधानकारक उत्तर शोधण्याचे काम अजून पुरे झालेले नाही.